पायाच्या कमानीला काम हवं

पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांमध्ये एक घरगुती चाचणी चालते. पाय ओला करायचा, कोरड्या शहाबादी फरशीवर उभं राहायचं आणि उमटलेला ठसा बघायचा. ठशाचा मधला भाग पूर्ण भरलेला दिसला की तोंड उतरतं: सपाट पाय, आता मेडिकलला बाद! पण ही चाचणी अर्धीच झाली. आता चवड्यांवर उभं राहून कुणाला तरी पायाची आतली बाजू पाहायला सांगा. टाच उचलताच कमान वर येत असेल, पाय लवचिक असेल, दुखत नसेल आणि चवड्यांवर नीट धावता येत असेल, तर असा पाय सैन्यदलांच्या वैद्यकीय निकषांतही चालतो. कमान दिसते कशी, यापेक्षा ती काम कसं करते हे महत्त्वाचं. तळपायाचं दुखणं समजून घ्यायलाही सुरुवात इथूनच करावी लागते.

एका पावलात 26 हाडं असतात आणि 33 सांधे. टाचेपासून अंगठ्याच्या मुळापर्यंत आतल्या बाजूने एक कमान, करंगळीच्या बाजूने दुसरी, जरा बसकी, आणि पायाच्या रुंदीतून जाणारी तिसरी. यांना तोलून धरणारा मुख्य पट्टा म्हणजे प्लांटार फॅशिया. तो हाताला लागतोसुद्धा. बसल्या जागी एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या, एका हाताने अंगठा वरच्या बाजूला ओढा आणि दुसऱ्या हाताची बोटं तळव्याच्या आतल्या कडेवर ठेवा. ताणलेल्या सुतळीसारखं काही तरी बोटांखाली येईल. अंगठा सोडला की ते सैल पडतं.

ही करामत जे. एच. हिक्स या ब्रिटिश संशोधकाने 1954 मध्ये मांडली. चालताना टाच उचलली जाते तेव्हा बोटं मागे वळतात, आणि रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा हा पट्टा बोटांच्या मुळांशी असलेल्या सांध्यांभोवती गुंडाळला जातो. टाच आणि चवडा जवळ येतात, कमान उंचावते आणि मघाचा मऊ पाय क्षणात जमीन ढकलण्याइतका ताठ होतो. पुढे 1987 मध्ये रॉबर्ट केर, मॅकनील अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत कापाव्या लागलेल्या पावलांवर यंत्राने दाब देऊन मोजमाप केलं. धावताना प्रत्येक पावलाला शरीराची जी ऊर्जा घटते आणि पुन्हा वाढते, तिच्यापैकी साधारण 17 टक्के एकट्या कमानीत साठते आणि बरीचशी परत मिळते, असा त्यांचा हिशेब निघाला.

रोज हजारो वेळा ताणला जाणारा हा पट्टा एरवी तक्रार करत नाही. तो चिडतो ते सवयीपेक्षा जास्त भार अचानक पडला की. आठवडाभर खुर्चीत बसणारा माणूस पालखीबरोबर पुणे ते सासवड हा दिवेघाटाचा टप्पा एका दिवसात चालून जातो, तीस किलोमीटरच्या आसपास, तेही नव्या कोऱ्या बुटांत! भक्ती पुरेशी असते, पोटऱ्या तयार नसतात. पोटरी आखडलेली असली की घोटा पुरेसा पुढे वाकत नाही आणि तो ताण तळव्यावर येतो. अमेरिकेत 2003 साली झालेल्या एका अभ्यासात तीन गोष्टी ठळक दिसल्या होत्या: न वाकणारा घोटा, वाढलेलं वजन आणि दिवसाचा बहुतेक वेळ पायांवर काढायला लावणारं काम. शिक्षक, परिचारिका, दुकानातले विक्रेते आणि ओट्याशी फरशीवर अनवाणी उभं राहून तिन्ही त्रिकाळ रांधणाऱ्या बायका या वर्णनात नेमक्या बसतात.

या दुखण्याची खूण म्हणजे सकाळचं पहिलं पाऊल. झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा सैल पडून राहतो, आणि उठल्यावर त्यावर एकदम सगळं वजन येतं. टाचेच्या आतल्या कडेला कळ येते, दहा-वीस पावलं चाललं की ओसरते. एक्स-रे काढला तर बऱ्याचदा ‘टाचेचं हाड वाढलंय’ असं ऐकायला मिळतं आणि माणूस घाबरतो. तसं वाढलेलं हाड काहीही न दुखणाऱ्या अनेकांच्या टाचेतही सापडतं. त्याला गुन्हेगार ठरवण्याची घाई नको.

2003 मध्येच हॅर्वे लेमॉन्ट या अमेरिकी डॉक्टरांनी शस्त्रक्रियेत काढलेले या पट्ट्याचे नमुने तपासले. त्यांत दाहाच्या पेशी नव्हत्या, झिजलेले आणि विस्कटलेले तंतू होते. जुनाट टाचदुखीत दाह कमी करणाऱ्या नुसत्या गोळ्या फारशा पुऱ्या का पडत नाहीत, ते यावरून कळतं. अशा तंतूंना नुसत्या आरामापेक्षा मोजूनमापून दिलेला ताण मानवतो.

पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. सकाळी पलंगावरून उतरण्याआधीच पाय गुडघ्यावर घेऊन बोटं नडगीच्या दिशेने ओढायची, दहा अंक मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. बेनेडिक्ट डिजिओवानी या अमेरिकी डॉक्टरांच्या चाचणीत आठ आठवड्यांनंतर हा ताण नुसत्या पोटरीच्या ताणापेक्षा सरस ठरला. दुसरा उपाय डेन्मार्कच्या मायकेल रॅथलेफ यांचा, आणि माझ्या मते तो आपल्याकडे फारच कमी सांगितला जातो. जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवायचे, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा म्हणजे बोटं वर वळलेली राहतात, आणि एका पायावर टाच उचलायची. वर जायला तीन सेकंद, वर दोन सेकंद, खाली यायला तीन. एक दिवसाआड, बारा-बारा वेळा. जमू लागलं की पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तकं भरून वजन वाढवायचं. कठडा धरायला हरकत नाही. रॅथलेफ यांच्या चाचणीत तीन महिन्यांनी हा व्यायाम करणाऱ्या गटाचं दुखणं नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा कमी होतं. वर्षभराने मात्र दोन्ही गट जवळपास सारखे झाले. म्हणजे व्यायामाने सुटका लवकर होते. वेळ तर लागतोच.

बुटातल्या आधारगाद्या सुरुवातीला थोडा आराम देतात. मापाने बनवलेली महागडी गादी तयार मिळणाऱ्या गादीपेक्षा फार सरस ठरल्याचं चाचण्यांत दिसलेलं नाही. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे बरं वाटतं, पण पट्टा फाटण्याचा किंवा टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो, त्यामुळे ते वारंवार घेऊ नये. आजीचं तापलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेकणंही त्या वेळेपुरतं सुख देतं. मात्र मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांनी तिकडे फिरकू नये. चटका बसलेला कळतच नाही.

सगळंच दुखणं या पट्ट्याचं नसतं. घोट्याच्या आतल्या बाजूला सूज, कमान दिवसेंदिवस खाली बसत जाणं, एका पायावर टाच उचलता न येणं, ही कंडरेची, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीची, तक्रार असू शकते. तळव्याला मुंग्या येत असतील, रात्री झोपेतही दुखत असेल, किंवा तरुण वयात दोन्ही टाचांबरोबर सकाळी कंबरही आखडत असेल, तर व्यायाम करत बसू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

लहान मुलांच्या सपाट पायांची काळजी बहुधा अनाठायी असते. कमान जन्मतः दिसत नाही, ती पहिल्या काही वर्षांत घडते. भारतातच राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी 4 ते 13 वर्षांच्या 2,300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासले होते. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत पादत्राणं वापरणाऱ्या मुलांपैकी 8.6 टक्क्यांचे पाय सपाट होते, न वापरणाऱ्यांपैकी 2.8 टक्क्यांचे, आणि पुढून बंद बूट घालणाऱ्यांत हे प्रमाण चपला-सँडलवाल्यांपेक्षा जास्त होतं. पोरं अंगणात, मातीत अनवाणी खेळत असतील तर खेळू द्यावीत. ओट्याशी उभ्या असलेल्या, टाच दुखणाऱ्या आईने मात्र घरातही जाड तळाची चप्पल घालावी, आणि भाजी निवडायला खुर्ची ओढून घ्यावी.