‘व्हॅक्यूम टिकला’: गाडीच्या एसीतील गळतीशोधाची पार्श्वभूमी

निपाणी, संकेश्वर किंवा बेळगावच्या उद्यमबागेतील गॅरेजांत, गाडीचा एसी गार हवा देईनासा झाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. आधी ‘गॅस संपलाय’ आणि अर्ध्या तासाने ‘व्हॅक्यूम टिकला, लीक नाही’, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा ओढून घेतल्यावर मीटरचा काटा जागचा हलला नाही. पहिले वाक्य काटेकोर नसले तरी निरुपद्रवी आहे, कारण बंद नळ्यांतला गॅस कमी झाला म्हणजे तो कुठून तरी गळाला, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असते. दुसऱ्या वाक्यामुळे मात्र गळती तशीच राहते आणि गिऱ्हाईक दर उन्हाळ्यात गॅस भरायला परत येते.

जुन्या गाड्यांच्या एसीत थंडाव्यासाठी आर-१२ हा क्लोरीनयुक्त वायू असे. हॅलाइड टॉर्च या गळती शोधणाऱ्या ज्योतीच्या दिव्याची नळी जोडांवरून फिरवली की गळतीच्या ठिकाणचा वायू ओढला जाऊन तापलेल्या तांब्यापाशी पोचे आणि ज्योत हिरवी होई. त्या ज्योतीत फॉस्जीनसारखा विषारी वायूही तयार होत असल्याने ही पद्धत निर्धोक नव्हती, पण उत्तर डोळ्यांना दिसे. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोनच्या रक्षणासाठी आर-१२ मागे पडला आणि नव्वदच्या दशकात आर-१३४ए आला. त्यात क्लोरीन नसल्यामुळे ज्योतीचा उपयोग संपला आणि क्लोरीन ओळखण्यासाठी बेतलेली जुनी इलेक्ट्रॉनिक यंत्रेही नव्या वायूपुढे जवळपास बहिरी ठरली. निर्णय योग्यच होता. त्याने गॅरेजातले एक स्वस्त साधन निकामी केले, याची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते. विकसनशील देशांना आर-१२ बंद करण्यासाठी २०१० पर्यंत मुदत असल्याने आपल्याकडे दोन्ही वायूंच्या गाड्या बराच काळ एकाच गॅरेजात येत राहिल्या. गॅस भरण्याआधी हवा आणि ओलावा काढण्यासाठी व्हॅक्यूम पंप लावावाच लागतो व मीटरचा काटा समोरच असतो. तोच काटा पुढे गळतीची परीक्षा होऊन बसला.

या परीक्षेत मोठी गळती सापडते, लहान सापडत नाही. व्हॅक्यूममध्ये बाहेरच्या हवेचा दाब आत ढकलतो आणि तो जेमतेम एक बार (दाबाचे एकक) असतो. एसी चालू असताना उच्च दाबाच्या बाजूला तोच जोड पंधरा बारच्या आसपास बाहेरच्या दिशेने ताणला जातो. ओढीने घट्ट बसलेली ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) किंवा कॉम्प्रेसरच्या शाफ्टचे सील दाबाखाली उघडू शकते. शिवाय वर्षाला ५० ग्रॅम गळती म्हणजे तासाला सुमारे सहा मिलिग्रॅम. इतक्या बारीक छिद्रातून अर्ध्या तासात जी हवा आत येईल, तिने काटा हललेला दिसणारच नाही. आपल्या भागात आणखी एक गोंधळ होतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर असल्याने इथे हवेचा दाबच कमी असतो आणि चांगला पंपही मीटरवर पाऱ्याच्या सत्तावीस इंचांच्या थोडाच पुढे जातो, आणि चोर्ला घाट उतरून पणजीत लावला तर तोच तिसाजवळ पोचतो. हे माहीत नसले की इथल्या काट्याकडे पाहून पंपावर नाहीतर जोडांवर विनाकारण संशय घेतला जातो.

नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचे पाणी लावणे ही त्याहून भरवशाची रीत आहे. वायूसोबत तेलही झिरपत असल्याने खानापूरकडच्या गाड्यांत जोडावर लाल धुळीचा चिकट डाग दिसतो. पावसाळ्यात बाहेरचे असे डाग धुऊन जातात. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमाने एका कूलिंग कॉइलच्या यंत्रणेसाठी वर्षाला ४० ग्रॅम अशी गळतीची मर्यादा घातली. अमेरिकी मानकाने शोधयंत्राकडून वर्षाला ४ ग्रॅमची गळती ओळखण्याची अपेक्षा धरली, आणि काट्याची परीक्षा या आकड्यांच्या जवळपासही फिरकत नाही. पुढे आलेला आर-१२३४वायएफ हा वायू सौम्य ज्वलनशील असल्याने त्याला त्याच्यासाठीच बनवलेले शोधयंत्र लागते.

डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलची गळती सर्वांत त्रासाची, कारण तिथे साबण पोचत नाही आणि डॅशबोर्ड उघडण्यात दिवस जातो. वायू हवेपेक्षा जड असल्याने शोधयंत्राचे टोक पाणी गळणाऱ्या नळीच्या तोंडाशी धरतात. तेलात रंग सोडलेला असेल तर अतिनील दिव्याखाली त्याच नळीच्या तोंडाशी पिवळट-हिरवी चमक दिसते.