काजळीतून कळणारं घराचं वय

इंग्लंडमधल्या जुन्या, लाकडी सांगाड्याच्या आणि गवताने शाकारलेल्या घराचे कागद बहुधा घरापेक्षा बरेच तरुण निघतात. खरं वय कळतं ते माळ्यावर.

दालनभर सगळे वासे सारखेच काळेकुट्ट असतील, तर घर धुराड्याच्या आधीचं. मध्ययुगात मधल्या दालनात जमिनीवरच जाळ पेटे आणि धूर छपरातून वाट काढी. विटांची धुराडी अशा घरांत साधारण सोळाव्या-सतराव्या शतकात आली, दालनावर मजला चढला, काजळी मात्र वर तशीच राहिली. शाकारणीतही फक्त वरचा कुजका थर काढून नवा थर जुन्यावर बसवत. त्यामुळे नैऋत्य इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात तळाचा धुरकटलेला पेंढा पाच-सहाशे वर्षांचाही सापडतो. त्यात तेव्हाचा गहू, राय हे धान्य आणि शेतातलं तणसुद्धा ओळखता येतं. छप्पर 'साफ' करायचं म्हणून वाशांपर्यंत उतरवलं, की हा सगळा पुरावा कचऱ्यात जातो.

लाकूड याहून नेमकं बोलतं. वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही, म्हणून सुतार तो ओलाच घडवत. झाड तोडल्यानंतर वर्ष-दोन वर्षांत घर उभं राही. झाडात वर्षाला एक वलय वाढतं; तुळईवर त्यातलं सालीलगतचं शेवटचं वलय शाबूत असेल, तर तोडणीचं वर्षच काय, ऋतूही कळतो. बाहेरचं रसकाष्ठ, म्हणजे सालीखालचं कोवळं लाकूड, तासून गेलं असेल, तर 9 ते 41 वलयं धरून अंदाज बांधावा लागतो. तुळईत विनाकारण रिकामी खाच दिसली तर मात्र सावध व्हावं: ती दुसऱ्या घरातून आलेली असू शकते.

सांध्यांवर रोमन आकडे कोरलेले असतात. चारसाठी चार उभ्या रेघाच, कारण तुळई उलटी धरली तर चार आणि सहाचा घोळ होई. कुसवातलं, म्हणजे खाचेत बसणाऱ्या टोकातलं, भोक खाचेच्या भोकापासून मुद्दाम किंचित सरकवत. निमुळती खुंटी ठोकली की सांधा आपोआप आवळला जाई.

अशा घराचा घात बहुतेकदा सिमेंट करतं. हेझल या झुडपाच्या काटक्यांच्या कुडावर माती, पेंढा आणि शेणाचा लेप असतो. वरचा चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. सिमेंटला केसाएवढी भेग पडते, पाणी आत जातं आणि तिथेच अडकतं. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते, पाठोपाठ लाकूड पोखरणारा डेथवॉच भुंगेरा येतो. आधी कुजते ती खांबांखालची आडवी तुळई. बाहेरून रंग ठीकठाक दिसतो, पण सुरीचं टोक सहज आत जातं.