सायबिणीची आंगवण आणि बाप्तिस्मा: गल्लत कुठे होते

ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी गोव्यातल्या म्हापशात मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, फेस्त (चर्चचा वार्षिक उत्सव) असतं. रांगेत कपाळाला कुंकू लावलेल्या बायका दिसतात. कुणाच्या हातात तेल, कुणाच्या हातात मेणबत्त्यांची जुडी, कुणाकडे मेणाचं बाळ नाहीतर मेणाचा पाय. अशा एखादीचा फोटो घरच्या ग्रुपवर गेला की कुणीतरी लिहितोच, "ही ख्रिस्ती झाली की काय?" गोव्याबाहेरून नवीन आलेला प्रचारकही तोच फोटो बघून खूश होतो. त्याला वाटतं, ही बाई अर्ध्या वाटेवर आली, आता थोडं समजावलं की झालं. एकाला भीती वाटते, दुसऱ्याला आशा. हिशोब मात्र दोघांचा सारखाच चुकतो, कारण दोघेही आंगवणीला धर्मांतराची पहिली पायरी समजतात.

आंगवण म्हणजे नवस. ती एका अडचणीपुरती असते. मूल होऊ दे, पाय बरा होऊ दे, पोराला बोटीवर नोकरी लागू दे. झालं तर इतक्या मेणबत्त्या, इतकं तेल, किंवा नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना. काम झालं की आंगवण फेडायची, तिथे व्यवहार संपला. पुढच्या अडचणीला तीच बाई शिरगावच्या लईराई देवीला जाईल, फातर्प्याच्या शांतादुर्गेला जाईल, नाहीतर पुन्हा म्हापशाला येईल. म्हापशाला जाताना तिने काहीच सोडलेलं नसतं. चवथीला गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधली जाते, कुळदेवाची जत्रा चुकत नाही, घरातला दिवा रोज लागतो. तिच्या देवांच्या यादीत एक नाव वाढलं, एवढंच. खरं तर लोककथेप्रमाणे ते नाव बाहेरचंही नाही. मिलाग्रीस म्हणजे लईराईच्या सात बहिणींपैकी मिराबाई, असं बार्देश-डिचोलीकडे सांगतात. सख्ख्या बहिणीला भेटायला जाणाऱ्याने धर्म बदलला, असं कुणी म्हणत नाही.

उलटी वाटही तितकीच रुळलेली आहे. फातर्प्याच्या शांतादुर्गा कुंकळ्ळीकरणीला कॅथलिक भाविक नारळ-ओटी घेऊन येतात. कुंकळ्ळीच्या छत्रोत्सवात बारा वांगडांच्या, म्हणजे गावच्या मूळ कुळांच्या, बारा छत्र्या निघतात, आणि त्या वांगडांतले ख्रिस्ती गांवकर आपल्या मानाचा हक्क सोडत नाहीत. शिवोलीच्या जागर या उत्सवात दोन्ही धर्मांची घरं जागऱ्या देवाला तेल-मेणबत्ती देतात. देवळात कौल लावायला आलेल्या कॅथलिकाला तुझा बाप्तिस्मा झालाय का, असं कुणी विचारत नाही. गाऱ्हाणं कुणाच्या नावाने घालायचं तेवढं विचारतात.

हे सगळं अगदी मोकाट असतं असं मात्र नाही. सीमा आहेत, आणि त्या नेमक्या कुठे आहेत ते पाहिलं की फरक लख्ख कळतो. इगर्जीत (चर्चमध्ये) मेणबत्ती कुणीही लावावी, नोव्हेनाला कुणीही बसावं, 3 डिसेंबरच्या फेस्ताला जुन्या गोव्यात गोंयच्या सायबापुढे, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरपुढे, कुणीही हात जोडावेत. कुमगार, म्हणजे मिस या उपासनेत दिली जाणारी पवित्र भाकर, मात्र फक्त बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकालाच मिळतं. मिसेला बसलेल्या हिंदूने त्या वेळी रांगेत न जाता जागेवर बसून राहावं, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. (पर्यटक इथेच चुकतात, प्रसाद समजून हात पुढे करतात, आणि पाद्र्याची पंचाईत होते.) देवळातही ओटी स्वीकारतात, पण गाभाऱ्यात प्रवेश नाही. म्हणजे दोन्ही घरांनी पाहुण्यासाठी ओसरी उघडी ठेवली आहे आणि माजघर राखून ठेवलं आहे.

बाप्तिस्मा हे त्या माजघराचं दार. ते कुणी नकळत ओलांडत नाही, आणि एका फेस्तात तर नाहीच. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढ माणसाला बाप्तिस्मा हवा असेल तर आधी चौकशीचा काळ असतो, मग उमेदवार म्हणून स्वीकारण्याचा विधी, मग शिकवण. ही शिकवण महिनोन्‌महिने चालते, बऱ्याचदा वर्षभर. चाळीस दिवसांच्या उपासकाळात पहिल्या रविवारी निवड होते, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी परीक्षणाचे विधी होतात, आणि ईस्टरच्या आदल्या रात्री डोक्यावर तीनदा पाणी ओततात. त्याच रात्री पवित्र तेल, पांढरं वस्त्र, पेटती मेणबत्ती आणि पहिलं कुमगार. सोबत धर्मपिता किंवा धर्ममाता लागते, नाव पॅरिशच्या (त्या भागातल्या चर्चच्या) वहीत चढतं, आणि बाप्तिस्मा पुन्हा कधी देता येत नाही की पुसता येत नाही. सात वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला चर्चचा कायदा या बाबतीत प्रौढच धरतो, म्हणजे त्याची स्वतःची इच्छा लागते. सक्तीने कुणाला श्रद्धा स्वीकारायला लावू नये, असं त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. सोळाव्या शतकात हे तत्त्व कुणी पाळलं होतं का, हा प्रश्न रास्त आहे. त्याकडे पुढे येतोच.

लग्नाच्या वेळी घरोघरी हमखास होणारा एक घोळ इथेच सोडवून टाकू. कॅथलिकाशी लग्न करायला हिंदू जोडीदाराने बाप्तिस्मा घ्यावाच लागतो, हे खरं नाही. बिशपची खास परवानगी काढून चर्चमध्ये असं लग्न लावता येतं. कॅथलिक बाजूला मात्र, मुलांना आपल्या धर्मात वाढवण्यासाठी शक्य ते करीन, असं वचन द्यावं लागतं, आणि दुसऱ्या बाजूला त्याची कल्पना द्यावी लागते. भांडण नंतर होतं ते या वचनावरून, म्हणून ते आधीच नीट वाचावं.

आता तिसरं पात्र, ज्याच्यामुळे आजची बरीचशी गल्लत होते. गावात ज्यांना "बिलिव्हर" म्हणतात त्या स्वतंत्र प्रार्थनामंडळांत सगळंच वेगळं असतं. तिथे मूर्ती नाही, सायबीण नाही, संत नाही, मेणबत्ती नाही. बाप्तिस्मा म्हणजे पाण्यात पूर्ण बुडी, आणि तीही स्वतः विश्वास जाहीर केल्यावर. लहानपणी डोक्यावर ओतलेलं पाणी ते धरत नाहीत, म्हणून कॅथलिकालाही पुन्हा बुडी घ्यायला सांगतात. त्यामुळे बिलिव्हरांवर हिंदू शेजारी जितका चिडतो तितकाच, कधी जास्तच, पॅरिशचा कॅथलिक चिडतो. खुरसाजवळच्या (क्रुसाजवळच्या) लादाईनीला, म्हणजे शेजाऱ्यांच्या प्रार्थनेला, येणं बंद केलेला भाऊ त्याला परका वाटू लागतो. म्हापशात मेणबत्ती लावणाऱ्या बाईकडे बोट दाखवून "बिलिव्हर झाली" म्हणणारा तर साफ उलटं बोलत असतो. बिलिव्हर झालेली बाई सायबिणीच्या रांगेत दिसणारच नाही.

मग माणसं तिकडे का जातात? प्रचारकाचा युक्तिवाद पटला म्हणून जाणारे थोडे. बहुतेकांची सुरुवात आंगवणीसारखीच होते: नवरा दारू सोडत नाही, दुखणं हटत नाही, कोर्टाचं प्रकरण लांबलंय. कुणीतरी म्हणतं, प्रार्थनेला येऊन बघ. घरी चार माणसं येतात, हात धरून नाव घेऊन प्रार्थना करतात, पुढच्या आठवड्यात फोन करून विचारतात, कसं चाललंय. देवळात गाऱ्हाणं घालणारा असा फोन करत नाही, मोठ्या पॅरिशच्या पाद्र्यालाही प्रत्येक घरी पोचणं जमत नाही. ज्याची विचारपूस कुणी करत नव्हतं त्याची विचारपूस होते, हा यातला मोठा भाग आहे. शिकवण नंतर येते.

आंगवण आणि धर्मांतर यांचे रस्ते फुटतात ते या टप्प्यानंतर. मंडळ सांगू लागतं की बरं वाटलं ना, आता बाकीचं सोड. आधी प्रसाद नाकारला जातो. मग देव्हाऱ्यातल्या तसबिरी हलतात. मग जत्रेची वर्गणी थांबते, आणि चवथीला मूळ घरी जाणं टळतं. गोव्यात घर फुटतं ते बहुधा चवथीलाच, कारण वर्षभर विखुरलेलं कुटुंब त्या दिवशी एका पंगतीला बसतं, आणि न जेवणारा लपत नाही. बुडी घेतल्याचं कळायच्या कितीतरी आधी घरच्यांना हे कळलेलं असतं. म्हणून माणूस कुठे गेला त्यापेक्षा त्याने काय सोडलं, ते पाहावं. काही सोडलं नसेल तर ती आंगवण.

घरच्यांकडून होणारी मोठी चूक म्हणजे आंगवणीलाच धर्मांतर ठरवून बंदी घालणं. बाई मेणबत्ती लावायला गेली, घरात आकांत झाला, की तिची मूळ अडचण तशीच राहते आणि बोलायची जागा संपते. मग जो कुणी ऐकून घेईल त्याच्याकडे ती जाते. प्रचारकाची चूक याच्या उलट. आंगवण फेडायला आलेल्याला तो सिद्धान्त ऐकवतो. ऐकणारा मान हलवतो, "देव एकच" म्हणतो आणि घरी जाऊन पहिल्यासारखाच राहतो. तो फसवत नसतो. देव खरा कोणता, हा त्याचा प्रश्नच नसतो. आमच्या कुळाचा देव कोणता, त्याचं आमच्याकडे काय देणं आहे, जत्रेत आमचा मान कोणता, हे त्याचे प्रश्न. युक्तिवादात हरूनही माणूस देव बदलत नाही तो यामुळे.

याचा पुरावा गोव्याच्या भूगोलातच आहे. 1560 च्या आसपास दक्षिण गोव्यातल्या साष्टीत मिशनरी आणि त्यांच्यामागे पोर्तुगीज सत्ता आली, तेव्हा लोकांनी शास्त्रार्थ केला नाही, देव उचलले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. नदीपलीकडे आदिलशाहीत, अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंड्याकडे. हा महाल पोर्तुगिजांकडे आला तो थेट 1763 मध्ये. जे मागे राहिले त्यांच्यावर कायद्याचा दाब होता. 1559 च्या हुकुमाने अनाथ हिंदू मुलं ख्रिस्ती संस्थांच्या ताब्यात जाऊ लागली. जमीन आणि गांवकरी (गावच्या जमिनीवरचा वंशपरंपरेचा हक्क) टिकावी म्हणून एक भाऊ बाटला आणि दुसरा पलीकडे गेला, अशा आठवणी कितीतरी घराण्यांत आहेत. कुंकळ्ळीने तिसरा मार्ग धरला. 1583 मध्ये तिथे पाच जेझुइट मिशनरी मारले गेले, त्यांत अकबराच्या दरबारी राहून आलेला रुदोल्फ आक्वाविवा होता. बदला म्हणून गांवकरांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलणीसाठी बोलावून ठार केलं.

बाटलेल्यांचंही सगळं सुटलं नाही. 1579 मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स हे ओळखून होता. त्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली, 1616 मध्ये ती रायतूरला छापली, कारण पुराण ऐकायची सवय असलेल्यांना पुराणच हवं होतं. इन्क्विझिशनची, म्हणजे श्रद्धेतली चूक शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयाची, नजर याच्या नेमकी उलटी. 1560 मध्ये आलेलं हे न्यायालय मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवर चालायचं, आणि 1736 च्या त्याच्या फर्मानात तुळस लावण्यापासून मिठाशिवाय भात शिजवण्यापर्यंत अनेक गोष्टींवर बंदी आहे. पावणेदोनशे वर्षांनंतरही बंदी घालावी लागते, म्हणजे त्या गोष्टी चालूच होत्या.

1928 मध्ये मसूरकर महाराजांनी हजारो ख्रिस्ती गावड्यांची (गोव्यातल्या एका आदिवासी जमातीची) शुद्धी केली, म्हणजे त्यांना पुन्हा हिंदू करून घेतलं, तेव्हा हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसली. विधी झाला, पण जुन्या हिंदू समाजाने लगेच सोयरीक केली नाही, आणि नवहिंदू गावडे हा वेगळा समाज म्हणून राहिला. विधीने धर्म बदलतो, पंगत आणि सोयरीक आपोआप बदलत नाही. आज बाप्तिस्मा घेणाऱ्यालाही हेच भोवतं.

कागदपत्रांबाबत थोडक्यात. आंगवणीने कुठलाच कागद बदलत नाही, हे सांगायलाही नको. बाप्तिस्म्यानंतर अनुसूचित जातीतल्या माणसाचा त्या प्रवर्गाचा लाभ जातो. अनुसूचित जमातींना मात्र धर्माची अट नाही. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना 2003 मध्ये हा दर्जा मिळाला तो हिंदू-ख्रिस्ती असा भेद न करता, त्यामुळे कुणब्याने धर्म बदलला तरी दाखला राहतो. कोमुनिदादीचा (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचा) झोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, गांवकराच्या वंशावर मिळतो, त्यालाही आज धर्म आड येत नाही. आणि मरणाची सोय आधी विचारून ठेवावी. इगर्जीची दफनभूमी पॅरिशच्या माणसांसाठी असते, गावची स्मशानभूमी ज्याची त्याची, आणि दोन्हीकडून बाहेर पडलेल्या बिलिव्हराच्या घरच्यांना ऐन वेळी जागेसाठी धावपळ करावी लागते. मंडळात जाणाऱ्याने पाद्र्याला, पास्टरला आणि पंचायतीला हे आधीच विचारावं.