सोंगटीला थांबवलं कुणी?

बालवाडीत ‘ओढणे’ आणि ‘ढकलणे’ शिकवताना बहुतेक वेळा चित्रं दाखवतात. दप्तराची चेन ओढायची, झोपाळा ढकलायचा. मुलं खुणा बरोबर करतात आणि धडा संपतो. मला वाटतं, खरी गंमत त्यानंतर आहे.

मशीद बंदरच्या गल्लीत मुलाचा हात धरून जरा वेळ उभे राहा. मालानं भरलेली हातगाडी येते. एक जण पुढून ओढतोय, दोघं मागून ढकलतायत. काम वेगळं दिसतं, पण तिघांचा जोर एकाच दिशेला आहे, म्हणून तो एकत्र होतो. उतार लागला की पुढचाच माणूस टाचा रोवून गाडीला मागे रेटू लागतो. गाडी तरी पुढेच जाते, फक्त सावकाश. जोर एकीकडे आणि चाल दुसरीकडे, असंही होऊ शकतं. हे पाच वर्षांच्या मुलाला तोंडी सांगून पटत नाही, बघितल्यावर पटतं.

आता घरातला कॅरम काढा. बोर्ड पुसून कोरडा करा आणि मुलाला एक सोंगटी टिचकीनं उडवू द्या. ती थोडी घसरून थांबेल. विचारा, “हिला थांबवलं कुणी?” बरीच मुलं म्हणतात, “कुणीच नाही, तिचा जोर संपला.”

हे उत्तर लगेच खोडून काढू नका. ढकलणारा थांबला की वस्तू थांबणारच, असं अ‍ॅरिस्टॉटलही मानत होता आणि जवळपास दोन हजार वर्षं जग बहुतांशी तसंच मानत आलं. सतराव्या शतकात गॅलिलिओनं उतारावरून गोळे सोडून पाहिले आणि मांडलं, की अडवणारं काही नसेल तर गोळा सपाटीवर चालतच राहील. न्यूटननं 1687 साली त्याचा नियम केला. मुलाचं उत्तर चुकीचं असलं तरी ते विचार करून दिलेलं आहे, त्याची कदर करावी.

दुरुस्ती पावडरीला करू द्या. बोर्डावर पावडर भुरभुरवा आणि तशीच टिचकी मारायला सांगा. (कॅरमची पावडर पुष्कळदा बोरिकची असते आणि ती पोटात जाणं वाईट. लहानग्यांना त्याऐवजी कॉर्नफ्लोअर द्या.) सोंगटी तीच, बोट तेच, तरी ती सरळ पलीकडच्या कडेला जाऊन आपटते. मग मघाशी जोर ‘संपला’ कसा? बोर्डच सोंगटीला उलट्या दिशेनं अडवत होता. हे घर्षण. हात दिसत नाही, पण जोर आहे.

तो मोजताही येतो. स्टीलच्या डब्यात मूठभर तांदूळ घाला, त्याला दोरा बांधा आणि दोऱ्याला रबरबँड अडकवा. आधी लादीवर ओढा, मग चटईवर, मग पायपुसण्यावर. रबर किती ताणलं ते मुलाला बोटांनी मोजू द्या: दोन बोटं, तीन बोटं. तांदूळ वाढवले की ताणही वाढतो.

ओढताना हात अगदी हळू चालू द्या आणि नजर रबरावर ठेवा. डबा हलायच्या आधी ते सर्वात जास्त ताणलेलं असतं, डबा सुटला की किंचित आखडतं. थांबलेली वस्तू हलवायला चालत्या वस्तूपेक्षा जास्त जोर लागतो, हे त्या आखडण्यातून दिसतं. “असं का झालं?” हा प्रश्न मुलाकडून आला तर त्याला पुन्हा ओढून बघू द्या.