सेकंड हँड छोटी स्पोर्ट बाइक उन्हाळ्यासाठी तयार करताना

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दीडशे ते चारशे सीसीची लिक्विड कूल्ड गाडी जुनी घेतली की पहिल्याच उन्हाळ्यात बहुतेकांची तक्रार सारखी असते: गर्दीत टेंपरेचर चढतं, फॅन थांबत नाही, मांड्या भाजतात. लगेच मोठा रेडिएटर, ऑईल कूलर असा विचार सुरू होतो. आमचं म्हणणं, थोडं थांबा. मूळ कूलिंग धडधाकट असलेली गाडी चाळीस अंशांतही नीट चालते. तापते ती आधीच्या मालकाने दुर्लक्ष केलेली गाडी. तेव्हा आधी गाडी मूळपदावर आणा, नवे पार्ट मग बघू. आणि फॅन लागणं हा काही बिघाड नव्हे. कूलंट (इंजिन आणि रेडिएटरमध्ये फिरून उष्णता वाहून नेणारा द्रव) शंभर अंशांच्या आसपास गेलं की तो लागायलाच हवा.

कूलंटपासून सुरुवात

रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडा. आत साधारण १.१ बार दाब असतो आणि त्या दाबामुळेच कूलंट १२० अंशांच्या पुढेही उकळत नाही. गरम असताना झाकण फिरवलं, की दाब सुटून उकळतं कूलंट तोंडावर उडतं.

झाकण काढून रंग बघा. हिरवा, निळा, गुलाबी, काहीही चालेल, पण स्वच्छ हवा. चहासारखा तपकिरी असेल तर आधीच्या मालकाने नळाचं पाणी ओतलं आहे आणि आत गंज आहे. पांढरी पुटं दिसली तर ते क्षार. वॉटर पंपाच्या खालचा ड्रेन बोल्ट काढून सगळं रिकामं करा, डिस्टिल्ड वॉटर भरा, फॅन लागेपर्यंत इंजिन चालवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा काढा. पाणी नितळ येईपर्यंत हेच करत राहायचं. शेवटी बोल्टला वॉशर नवीन.

अशा गाड्यांत कूलंट एक ते दीड लिटर मावतं. ॲल्युमिनियम इंजिनला चालणारं, सिलिकेट नसलेलं एथिलीन ग्लायकॉलचं घ्या. तयार मिश्रण असेल तर तसंच ओता. काँसन्ट्रेट असेल तर तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला. काँसन्ट्रेट जास्त घातलं की गाडी जास्त गार राहते हा गैरसमज आहे. उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस असतं. ग्लायकॉल लागतं ते उत्कलनबिंदू वाढवायला. काढलेलं कूलंट उघडं ठेवू नका किंवा गटारात ओतू नका. ते गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात.

भरल्यावर हवा काढायची. गाडी सरळ उभी करून पुढचं चाक थोडं उंच घ्या, झाकण उघडं ठेवून आयडलवर चालवा आणि खालचा होज (रबरी नळी) हाताने दाबत राहा. बुडबुडे येतील, पातळी उतरेल, वरून भरत जा. होज गरम लागायला लागला की थांबा आणि झाकण लावा. काही मिनिटांत बुडबुडे थांबायला हवेत. थांबतच नसतील तर हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरच्या हेडमधलं सील) फुटल्याची शंका घ्या. दुसऱ्या दिवशी थंड गाडीत रिझर्व्हॉयरची (जादा कूलंटच्या छोट्या टाकीची) पातळी दोन खुणांमध्ये आहे ना, ते पाहा.

झाकण, पंप, जाळी

झाकण हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित पार्ट. त्याच्या मधोमध एक छोटा व्हॉल्व्ह असतो. इंजिन थंड होताना रिझर्व्हॉयरमधलं कूलंट तो परत आत ओढू देतो. तो अडकला की रिझर्व्हॉयर काठोकाठ आणि रेडिएटर रिकामा. मालक खालची पातळी बघून निर्धास्त असतो. रबर कडक झालं असेल किंवा चिरलं असेल तर झाकण बदला, पण मूळ दाबाचंच घ्या. जास्त दाबाच्या झाकणाने जुने होज आणि पंपाचं सील आधी जातं.

पंपाच्या खालच्या बाजूला बारीक भोक असतं. तिथे ओला थेंब किंवा वाळलेला रंगीत ओघळ दिसला तर आतलं सील झिजलं आहे. काही महाभाग ते भोक इपॉक्सीने बुजवून गाडी विकतात. मग बाहेर पडणारं कूलंट ऑईलमध्ये शिरतं. ऑईलच्या काचेत दुधाळ रंग दिसला तर गाडी अजिबात चालवू नका.

रेडिएटरच्या जाळीतला चिखल आणि किडे मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने काढा. प्रेशर वॉशरने पत्रे आडवे होतात. फॅन चालू असताना जाळीसमोर कागद धरा: बहुतेक गाड्यांत तो आत ओढला जायला हवा. बाहेर ढकलला जात असेल तर मोटर बदलताना वायरी उलट्या जोडल्या असण्याची शक्यता मोठी. मॅन्युअलमध्ये दिशा पाहून घ्या.

फेअरिंगकडेही बघा. पडलेल्या गाडीला बाहेरची पॅनेल नवी लावतात आणि आतले प्लास्टिकचे पडदे टाकून देतात. हवा रेडिएटरकडे नेणं आणि गरम झोत पायांपासून दूर वळवणं हे त्या पडद्यांचं काम. मांड्या भाजत असतील तर आधी तेच शोधा.

ऑईल आणि टॅपेट

ऑईल जासो या जपानी संस्थेच्या एमए किंवा एमए२ मानकाचंच. कारच्या ऑईलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे ओला (ऑईलमध्ये बुडलेला) क्लच घसरतो. २०डब्ल्यू-५० हे जाड ऑईल फक्त मॅन्युअलच्या तक्त्यात असेल तरच.

टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग, ज्यांत ठरावीक गॅप ठेवतात) वाजत नाहीत म्हणजे ठीक आहेत असं समजू नका. व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातो तसतसा गॅप कमी होतो आणि आवाजही. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, उष्णता हेडकडे देऊ शकत नाही आणि जळतो.

करंट, ब्रेक, टायर, पेट्रोल

चार-पाच हजार आरपीएमला बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. १५च्या वर गेले तर रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा पार्ट) बॅटरी उकळवतो आहे. त्याचा कनेक्टर उघडून बघा. प्लास्टिक तपकिरी झालं असेल तर पिन सैल आहेत.

ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी. नव्या डॉट ४ प्रकारच्या ब्रेक ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओलावा शोषल्यावर तो १५५पर्यंत उतरू शकतो आणि घाटात लिव्हर मऊ पडतो.

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. चालवून आल्यावर दाब वाढलेला दिसणारच, तो काढून टाकू नका. बाजूवरचे शेवटचे चार आकडे वय सांगतात: ३२१९ म्हणजे २०१९चा ३२वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालेलं असू शकतं.

टाकी गळ्यापर्यंत भरून उन्हात लावू नका. वीस अंश तापमान वाढलं की बारा लिटर पेट्रोल जवळपास पाव लिटरने फुगतं. उलट, टाकीत पंप असलेल्या इंजेक्शन गाडीत रिझर्व्हवर फार फिरवू नका, कारण तो पंप पेट्रोलमुळेच गार राहतो.

कोणत्या सुधारणा कराव्यात

रबरी ब्रेक होज जुने असतील तर स्टीलच्या जाळीचे लावा. रेग्युलेटर गेलाच असेल तर मॉसफेट प्रकारचा घ्या, तो स्वतः कमी तापतो. सिलिकॉन होजही चालतील, पण जुने नरम किंवा भेगाळलेले असतील तरच.

थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकू नका. इंजिन गरम व्हायला उगाच वेळ लागतो, तोवर इंजेक्शन जास्त पेट्रोल देत राहतं आणि मूळ दोष तसाच राहतो. बारीक जाळीचा रेडिएटर गार्ड हवाच अडवतो. पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान केलं तर त्याच वेगाला आरपीएम वाढतात, उष्णताही वाढते. मोकळा फिल्टर आणि सायलेन्सर लावून मॅपिंग (इंजेक्शनमधलं पेट्रोलचं प्रमाण जुळवणं) केलं नाही तर मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होऊन एक्झॉस्टकडची बाजू जास्त तापते.

टॅपेट थंड इंजिनवरच तपासता येतात, त्यामुळे त्या कामासाठी गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा. सोबत मॅन्युअल आणि आधीच्या सर्व्हिसची बिलं असतील तर तीही आणा.