शाश्वत शेती आणि ग्रामीण पतपुरवठा (विदर्भ)

जमीन, पाणी आणि जंगल पुढच्या पिढीलाही पुरेल अशा कामांना बँका, सहकारी संस्था आणि सरकारी वित्तसंस्थांनी पैसा पुरवणे, असा 'शाश्वत वित्तपुरवठा' या संकल्पनेचा अर्थ. ग्रामीण विदर्भात तिची खरी परीक्षा पीककर्जाच्या खिडकीवर होते.

गावातली सेवा सहकारी सोसायटी, तिच्या मागे जिल्हा मध्यवर्ती बँक, जवळची राष्ट्रीयीकृत शाखा आणि ग्रामीण बँक ही इथली रचना. नागपूर, वर्धा आणि बुलडाणा या तीन जिल्हा बँकांना रिझर्व्ह बँकेने 2012 मध्ये परवाना नाकारला, तेव्हा तिथल्या सोसायट्यांचे कर्जवाटप आटले. उरला सावकार आणि कृषी केंद्रावरची उधारी. उधारीवर जे बियाणे, जी फवारणी मिळेल तीच शेतात जाते, त्यात निवडीला फारसा वाव नसतो.

पीककर्जाची हेक्टरी रक्कम जिल्हास्तरीय तांत्रिक समिती पीकनिहाय ठरवते. हा तक्ता निरुपद्रवी दिसतो, पण पेरणीला वळण देतो. कापसाला जेवढे कर्ज बसते तेवढे ज्वारीला बसत नाही. बांधावरचे झाड किंवा शेतात जिरवलेले शेणखत यांना त्यात रकानाच नाही. शिवाय पीककर्ज वर्षभरात फेडायचे असते, आणि माती सुधारायला वर्षे लागतात. फेड जमली नाही की 'नवं-जुनं' करायचे, म्हणजे जुने खाते मिटवून तेच कर्ज नव्याने घ्यायचे. वरूड-मोर्शीकडची संत्र्याची बाग धरायला पाचेक वर्षे घेते. तिथे मुदत कर्ज लागते, आणि त्यासाठी सातबाऱ्यावर बोजा. भूजलाचा अतिउपसा झालेल्या भागात नव्या विहिरींना कर्ज देण्यावर निर्बंध आहेत, पण उसनवारीवर पडणाऱ्या बोअरला ते कुठून अडवणार?

बाहेरून आलेल्या पैशांत नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, लोकांच्या तोंडी 'पोकरा', ठळक आहे. जागतिक बँकेने 2018 मध्ये त्यासाठी 42 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. अमरावती विभागातले पाचही जिल्हे आणि वर्धा त्यात होते, तसाच पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या भूजलाचा भागही. शेततळी, ठिबक, रुंद वरंबा-सरी (पावसाचे पाणी मुरवणारी पेरणीची पद्धत) यांना अनुदान मिळाले, मात्र ते काम झाल्यावर खात्यात जमा होई. आधी खर्च करायला पैसा नसलेल्या शेतकऱ्याला मधल्या काळासाठी पुन्हा कर्जच शोधावे लागे.

कर्जमाफीचा या विषयाशी संबंध कमी. तरी 2008 च्या माफीत पूर्ण लाभासाठी दोन हेक्टरची मर्यादा होती आणि कोरडवाहू वऱ्हाडात जमीनधारणा मोठी पण उत्पन्न तुटपुंजे असल्याने बरेच जण बाहेर राहिले, हे विसरता येत नाही.

रिझर्व्ह बँकेची हरित ठेवींची चौकट 2023 पासून लागू आहे. अशा ठेवींचा पैसा सौरऊर्जा, जलव्यवस्थापन यांसारख्या कामांकडेच वळवायचा असतो.

पूर्वेकडे गडचिरोलीत गणित वेगळे आहे. मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. ते जंगल कोणाच्या एकट्याच्या नावावर नाही, म्हणून गहाणही पडत नाही. तिथे भांडवल आले ते बांबूच्या विक्रीतून, आणि ते कुठे घालायचे हे ग्रामसभा बसून ठरवते.