नाव कुणाचं होतं? तांबड्या-पांढऱ्या गोट्यांचं गणित

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेल्सच्या पायात कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. इकडे संताप उसळला, मग कंपनीने भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं. त्या वेळी एक वाक्य सारखं कानावर पडत होतं: "माल अस्सल हाय, म्हणून जगात नाव हाय." माल अस्सल आहेच. पण याच चपलेला २०१९ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन आठ जिल्ह्यांचं आहे, चार महाराष्ट्रातले आणि चार कर्नाटकातले. कर्नाटकातल्या अथणीचा कारागीरही तितकाच कसबी आहे. तरी चप्पल 'कोल्हापुरी'च. गुणाला नाव मिळतं एवढ्यावर भागत असतं, तर ही वाटणी अशी झाली नसती.

याचं उत्तर मला सर्वांत सुंदर सापडलं ते जॉर्ज पोल्या या हंगेरियन गणितज्ञाकडे. त्याने एगेनबर्गर या सहकाऱ्याबरोबर १९२३ मध्ये एक खेळ मांडला, तोही साथीचे रोग कसे पसरतात हे समजून घेण्यासाठी. एका हंड्यात एक तांबडी आणि एक पांढरी गोटी ठेवा. न बघता एक काढा. जी येईल ती परत टाका आणि त्याच रंगाची आणखी एक टाका. पुन्हा काढा. बस्स, एवढंच.

पहिली तांबडी आली, तर हंड्यात दोन तांबड्या आणि एक पांढरी. आता पुन्हा तांबडी येण्याची शक्यता दोन-तृतीयांश. म्हणजे लागोपाठ दोनदा तांबडी येण्याची शक्यता १/२ × २/३ = १/३. दोन्हीदा पांढरी येण्याचीही १/३. मग एकेकदा दोन्ही येण्याला उरली तीही १/३. तिन्ही निकाल समसमान! नाणं दोनदा उडवलं, तर 'एक छापा, एक काटा' याची शक्यता निम्मी असते. इथे मधल्या निकालाला तो मान नाही. शंभर वेळा नाणं उडवा, छापे बहुतेक वेळा चाळीस ते साठच्या आत येतात. शंभर वेळा हंड्यात हात घाला: तांबडी शून्य वेळा येण्यापासून शंभर वेळा येण्यापर्यंतच्या १०१ निकालांची शक्यता अगदी सारखी.

खेळ पुढे नेला, की तांबड्यांचं प्रमाण हळूहळू एका आकड्यावर स्थिरावतं. तो आकडा कोणता, हे सुरुवातीला कुणीही सांगू शकत नाही, कारण ते पहिल्या काही गोट्यांवर फार अवलंबून असतं. हजार गोट्या जमल्यावर आणखी एकीने काय फरक पडणार? पहिल्या तिघी-चौघी मात्र सगळं वळण लावून जातात. आणि दोन्ही रंगांच्या गोट्या गुणाने तंतोतंत सारख्या होत्या, हे विसरू नका.

आता जरा पुढचं. गोटी निघण्याची शक्यता संख्येच्या नव्हे, संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात ठेवली, तर कधीतरी एक क्षण येतो, ज्यानंतर कायम एकच रंग निघत राहतो. घातांक एकापेक्षा कमी ठेवला, म्हणजे वर्गाऐवजी समजा वर्गमूळ घेतलं, तर दोन्ही रंग अखेर निम्मे-निम्मे होतात. पोल्याच्या हंड्यात घातांक बरोबर एक, म्हणजे तो नेमका उंबरठ्यावर उभा आहे. मला यातच सगळी गंमत वाटते.

माणसांवर हे लागू पडतं का? मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी इंटरनेटवर चौदा हजारांहून अधिक लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकवली. त्यांचा प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काही लोकांना डाउनलोडचे आकडे दिसत नव्हते. बाकीचे आठ वेगळ्या 'जगां'त वाटलेले होते आणि प्रत्येकाला फक्त आपल्या जगातले आकडे दिसत होते. एकच गाणं एका जगात पहिलं आलं, तर दुसऱ्यात चाळिसावं. गाणी डाउनलोडच्या क्रमाने लावली, तेव्हा तफावत आणखी वाढली आणि निकाल आणखी बेभरवशाचे झाले. फोनवरच्या 'ट्रेंडिंग' याद्या हेच रोज करतात.

म्हणून नावात एक जादा अक्षर घालून प्रसिद्धी मिळवून देणारे अंकज्योतिषी आणि 'व्हायरल होण्याची हमी' विकणारे क्लास मला एकाच माळेचे मणी वाटतात. शंभर जणांनी स्पेलिंग बदललं, तर त्यातल्या कुणाचं तरी नाव होणारच. जाहिरातीत तोच दिसतो, उरलेले नव्व्याण्णव दिसत नाहीत. कृपा करून यावर पैसे घालवू नका.

याचा अर्थ गुण फुकट जातो असा नाही. त्याच प्रयोगात सर्वांत उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि सर्वांत सुमार गाणी क्वचितच वर आली. अनिश्चितता होती ती मधल्या मोठ्या घोळक्यात. शिवाय जिथे गुण थेट मोजता येतो, तिथे हंड्याची सत्ता खूप कमी होते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकलं. आधी त्याचं नाव किती जणांनी ऐकलं होतं, हे लक्ष्यफलकाला ठाऊक नव्हतं. कोल्हापुरात खासबागेच्या कुस्ती मैदानातही पाठ मातीला लागली की निकाल सगळ्यांसमोर लागतो. मिसळीला, गाण्याला, चपलेला असा फलक नाही. तिथे आपण आधीची रांग बघतो, रांगेत उभे राहतो आणि हंड्यात आणखी एक गोटी पडते.